होतकरू क्वार्टरबॅक आणि संघाचे भांडवल

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सेनापती. चढाईची सूत्रे त्याच्याच हाती असतात. साहजिकच, कोणत्या होतकरू तरुणाभोवती संघ उभारावा, हा तेथील नित्याचा वादविषय आहे. या वादात मुलांची तुलना पुष्कळ होते. त्यांना निवडणाऱ्या संघांची क्वचितच.

२०१० साली पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफोर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलर्सचा करार मिळाला. २०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांचे वेतन बांधून टाकले. त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटीच मिळाले. संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा असल्याने ही बचत हेच संघाचे भांडवल ठरते. प्रश्न त्याच्या विनियोगाचा आहे.

२०१८ साली बेकर मेफील्ड पहिला, जॉश ॲलन सातवा, तर लमार जॅक्सन बत्तिसावा निवडला गेला. बाल्टिमोरने जॅक्सनच्या धावण्याला साजेशी चढाई रचली. २०१९ च्या हंगामात तो सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. बफेलोने ॲलनला सवड दिली. २०२४ च्या हंगामात तोच मान त्याला मिळाला. क्लीव्हलंडमध्ये मात्र मेफील्डने पहिल्या तीन हंगामांत चार मुख्य प्रशिक्षक पाहिले आणि २०२२ मध्ये त्याची रवानगी झाली. पुढे टँपा बे संघात त्याचा खेळ पुन्हा बहरला.

व्यवस्थापनाच्या धरसोडीची किंमत अशा रीतीने तरुणाच्या नावावर मांडली जाते. स्वस्त श्रम लाभलेल्या मालकांनी निदान हा हिशेब तरी प्रामाणिकपणे ठेवावा.