गर्भिणी, औषधे आणि मौनाची रूढी

घरच्या सुनेस दिवस गेले, तर तीन महिने कोणास कळू द्यावयाचे नाही, अशी रूढी आमच्यात अद्याप पुष्कळ घरी चालू आहे. तिचे डोके दुखू लागले, म्हणजे दीर किंवा नवरा औषधाच्या दुकानी जातो, दुखणे सांगतो आणि गोळी घेऊन येतो. ती गर्भिणी आहे, हे तो सांगत नाही. दुकानदारही विचारीत नाही. परंतु रूढीने जे तीन महिने मौनास नेमून दिले, तेच गर्भाचे अवयव घडण्याचे होत!

ह्या अज्ञानाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. ते निरुपद्रवी समजून गर्भिणींस मळमळीवर देण्यात येऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे त्याची विक्री बंद झाली. पण त्या औषधापायी अनेक देशांत मिळून सुमारे १०,००० मुले हातपाय खुंटलेली किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मास आली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी ह्या विदुषी अधिकारी पुरेसा पुरावा मागत राहिल्या व परवानगी देईनात, म्हणून तेथील हजारो घरे वाचली. एका प्रश्नाचे सामर्थ्य एवढे असते.

आजही मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन व अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट ही गर्भास अपायकारक म्हणून प्रसिद्ध आहेत. आयबुप्रोफेनसारखी नित्याची वेदनाशामकेही २० आठवड्यांनंतर गर्भाच्या मूत्रपिंडांस बाधू शकतात. तथापि भिऊन सर्वच औषधे टाकून देणे हेही शहाणपण नव्हे. अपस्माराचे औषध एकाएकी सोडल्यास झटके येऊन माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. बदल करावयाचा तो डॉक्टरांनीच.

‘शेड्यूल एच’ मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा कायदा आहेच. परंतु वेदनेवरील कित्येक गोळ्या चिठ्ठीवाचूनही मिळतात, आणि तेथे कायदा पुरत नाही. सबब औषधविक्रेत्या बंधूंस आमची विनंती आहे की, स्त्रीकरिता औषध देताना ‘बाईंस दिवस गेले आहेत काय?’ एवढे अवश्य विचारावे. त्यात एका गिऱ्हाइकाचा खोळंबा होईल, फार तर एक विक्री बुडेल. घरच्या वडीलधाऱ्यांनीही दृष्टीच्या भयाने शेजारणीपासून गोष्ट खुशाल लपवावी. डॉक्टरांपासून व औषध देणाऱ्यापासून मात्र लपवू नये. जी लाज अजाण बालकाच्या अंगावर येते, ती लाज नव्हे, अपराध होय.