खेळणी येतील, खेळायला वेळ कोण देणार?

मोबाइलवर ‘वावर, जव्हार’ असं टाइप करून बघा. सोबत ‘वांगणी’ आणि ‘कुपोषण’ हे दोन शब्द हमखास येतील. १९९२ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये शेजारच्या मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. इथल्या मुलांचं वजन, उंची, दंडाचा घेर आपण तीसहून जास्त वर्षं मोजतोय. ही मुलं खेळतात काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिकडे गेले, तेव्हा माझ्या वहीत रेशन, रस्ता आणि अंगणवाडीचे प्रश्न होते. एका पाड्यावर पाऊस थांबायची वाट बघत ओट्यावर बसले होते. समोर सात-आठ पोरांची ‘एसटी’ सुरू होती. एक जुनी दोरी गोल धरलेली, आत सगळे प्रवासी, सागाच्या पानाचे तुकडे म्हणजे तिकिटं. अंगणाचा उतार म्हणजे घाट. घाटात दोरी कुणाच्या पाठीला टेकली की गाडी फेल, आणि ज्याच्यामुळे टेकली त्याने उतरून धक्का मारायचा. सगळ्यात लहान पोरगं मागे पडायचं आणि दरवेळी दोरी त्यालाच लागायची. दोन-तीनदा भांडण झालं. मग एका मुलीनं निकाल दिला, ‘हा कंडक्टर. कंडक्टरला दोरी लागली तरी चालते.’ गाडी पुन्हा निघाली.

आठवलं ना? आपण याला ‘कच्चा लिंबू’ म्हणायचो. खेळात असलेला, पण आऊट न होणारा भिडू. त्या दहा मिनिटांत पोरांनी एक नियम केला, तो एकावर अन्याय करतोय हे ओळखलं आणि सगळ्यांना पटेल असा बदलला. कुणी सर नाहीत, शिट्टी नाही. त्या लहानग्याला सांभाळून घ्यायचं कारणही साधं होतं. आपल्या मर्जीने जमलेल्या खेळातून कुणीही रुसून घरी जाऊ शकतो. गडी गेले की खेळ मोडतो. म्हणून रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही.

सध्या सरकारी कागदावर खेळाला चांगले दिवस आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळ-साहित्याचा ‘जादुई पिटारा’ आला. २०२४ मध्ये अंगणवाडीसाठी ‘आधारशिला’ हा खेळावर आधारलेला अभ्यासक्रम आला. त्याच वर्षी ११ जूनला संयुक्त राष्ट्रांचा पहिला आंतरराष्ट्रीय खेळ दिवस झाला. हे सगळं हवंच आहे. पण या योजनांमध्ये खेळ हे बहुतेक वेळा शिकवण्याचं साधन असतं. खेळातून अंक, खेळातून अक्षरं. कोणता खेळ, किती वेळ, हे मोठी माणसं ठरवतात. बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने मुलांना खेळाचा हक्क दिलाय. मुलं स्वतः सुरू करतात आणि स्वतः चालवतात तो खेळ, असं याच कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. आणि भारताने ही संहिता कधी स्वीकारली? डिसेंबर १९९२. वावर-वांगणीच्याच वर्षी.

याच जिल्ह्यात आधी वेगळा विचार झालाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, शिंपले, खडे, बिया वापरल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर ‘कुरणशाळा’ काढून शाळाच कुरणावर नेली. मुलाचा दिवस कसा जातो, हे त्यांनी आधी बघितलं.

तेच आता वावरमध्ये बघायला हवं. ‘गावाकडची मुलं मोबाइलशिवाय किती भारी खेळतात’ अशी रील काढायचा मोह मलाही झाला होता. पण फुकट दिसणाऱ्या या खेळाला तीन गोष्टी लागतात. पहिली, पोटात अन्न. शरीराला ताकद कमी पडली की हालचाल मंदावते. भुकेलं मूल रडेलच असं नाही, ते गप्प बसून राहतं. दुसरी, वेळ. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या या भागात उन्हाळ्यात विहिरी आटतात. मग मुलींची संध्याकाळ हंड्याखाली आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यात जाते. तिसरी, गडी. भातकापणी, दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पाड्यावरची टोळीच फुटते.

शहरात उलटं आहे. तुमच्या चुलतभावाचं पोट भरलेलं आहे, कपाटात खेळणी आहेत. पण क्लासमुळे वेळ नाही आणि सोसायटीत ‘येथे खेळू नये’ची पाटी आहे. मग तासाचे पैसे भरून प्ले झोन.

मग करायचं काय? अंगणवाडीत वजनाच्या तक्त्याशेजारी ‘मूल खेळतंय का?’ असा एक रकाना हवा. शाळेत रोज अर्धा तास शिट्टीविना, स्पर्धेविना मोकळा ठेवता येईल. शिक्षकांनी फक्त आसपास असावं. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं दिवाळीनंतर लगेच सुरू झाली, तर शिक्षण टिकेल आणि टोळीही.

आणि आपण? एनएसएसच्या कॅम्पला गेलो की संगीत खुर्ची घेतो, लिंबू-चमचा घेतो, बक्षीस देऊन फोटो काढतो. पुढच्या वेळी फक्त विचारून बघा, ‘कुठला खेळ चाललाय? मला घ्याल?’ नियम समजेपर्यंत तुम्ही कच्चा लिंबू असाल. मी होते. दोरी तीनदा लागली, तरी कुणी उतरवलं नाही.