हा ‘हूं’ कुणाचा?

रविवारी घरी जोडलेला ॲम्प्लिफायर मोठ्या हौसेने लॅपटॉपला लावला, तर गाण्याआधीच स्पीकरमधून ‘हूंऽऽऽ’ सुरू! सोल्डरिंग तीनदा तपासलं. शेवटी वैतागून लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर उपटला आणि एकदम शांतता. चोर सापडला : ग्राउंड लूप!

त्याचं असं, की ॲम्प्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला, चार्जर समोरच्या. दोघांचं अर्थिंग घराच्या वायरिंगमधून जोडलेलं, शिवाय ऑडिओ केबलच्या शील्डमधूनही. झाला बंद फेरा! त्यात मेनचा 50 हर्ट्झचा करंट फिरतो आणि स्पीकर गुणगुणतो.

‘अर्थची पिन काढून टाक ना यार,’ मित्र म्हणाला. आवाज थांबेलही. पण उद्या आतली फेजची वायर सुटून लोखंडी डब्याला टेकली, तर करंटला जमिनीत जायला वाट उरते ती आपल्यातूनच. नको रे बाबा!

मी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावले. ‘हूं’ बराच कमी झाला. उरलासुरला केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून घालवला. त्यातून गाणं जातं, फेरा मात्र तुटतो.

तेव्हा बॉस, लूप तोडा, अर्थिंग नाही!