कॅमेरा पाहील, पण साक्ष कोण देणार?

बदलापूरच्या २०२४ मधील अत्याचारानंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे सक्तीचे केले. कॅमेरे हवेतच. परंतु हिंसेचे मूळ जिथे जातीत आहे, तिथे निव्वळ कॅमेरा काय करणार?

२८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून शाळेच्या आवारातच मारहाण सुरू झाली, अशी फिर्याद होती. खटल्यात शिक्षकांसह अनेक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. गुरुजीच गप्प बसले, तर वर्गातील मुले त्यातून कोणता धडा घेतील?

तामिळनाडूतील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये शाळासोबत्यांनीच दलित विद्यार्थ्यावर घरात घुसून कोयत्याने वार केले. तेथील सरकारने नेमलेल्या न्या. के. चंद्रू समितीने २०२४ मध्ये मनगटावरील जातनिदर्शक रंगीत धाग्यांवर बंदी सुचविली. निदान रोगाचे नाव तरी घेतले! आपल्याकडे मात्र ‘मुलांचे भांडण’ म्हणून विषय मिटविला जातो.

अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५-अ साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली साक्षीदार संरक्षण योजनेलाही मंजुरी दिली आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी मोर्चावरच थांबू नये. घटना घडताच साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेण्याचा आणि त्यांच्या संरक्षणासाठी अर्ज देण्याचा आग्रह धरावा. खटला निकालाच्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्यातच हरला जातो, हे समाजाने ओळखावे.