गोष्ट वगळून प्रवचन उरतं का?

चर्चमधल्या रविवारच्या प्रवचनात गोष्टी सांगाव्यात का, लोकांना हसवावं का, हा ख्रिस्ती समाजातला जुना वाद आहे. काहींना त्यात पोरकटपणा दिसतो, तर काहींना लोक जागे ठेवण्याचा सोपा उपाय. दोघांचाही समज एकच, की उपदेश ही खरी वस्तू आणि गोष्ट ही तिच्यावरची सजावट. मला हा समजच चुकीचा वाटतो. गोष्ट वगळूनही प्रवचन जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ती गोष्ट तिथे नकोच होती. पण ती काढताच सगळं प्रवचन कोसळत असेल, तर ती गोष्ट हाच उपदेश. बायबलमधल्या गोष्टी या दुसऱ्या जातीच्या आहेत. दावीद राजाने उरीयाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत मरायला धाडलं. नाथान संदेष्टा राजासमोर गेला तेव्हा त्याने या पापाचं नावही काढलं नाही. एका गरिबाने लेकीसारखी वाढवलेली एकुलती कोकरी श्रीमंताने हिसकावली आणि पाहुण्याच्या पानात वाढली, एवढीच गोष्ट त्याने सांगितली. राजा खवळला, असा माणूस मरणालाच पात्र आहे म्हणाला. मग नाथानाने रोख राजाकडे वळवला. थेट आरोप केला असता तर दावीदापाशी सबबी होत्या, सत्ताही होती. गोष्टीने मात्र आरोपीकडूनच निकाल वदवून घेतला.

येशूची पद्धतही हीच. आपला शेजारी नेमका कोण, असं एका शास्त्र्याने विचारलं तेव्हा येशूने व्याख्या दिली नाही, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. यहुदी ज्याला तुच्छ मानत त्या शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या. शेवटी प्रश्न शास्त्र्याकडेच परत आला. उत्तर देताना त्याने शोमरोनी हा शब्द टाळला, दया करणारा एवढंच म्हटलं. माणसाच्या मनातली अढी इतक्या अचूकपणे उघडी पाडणारं दुसरं साधन मला माहीत नाही. विनोदाचंही तसंच आहे. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ विसरून दुसऱ्याचं कुसळ काढायला निघालेला माणूस, चिलट गाळून उंट गिळणारे धर्मपंडित, विधवेच्या तगाद्याला कंटाळून एकदाचा न्याय देणारा न्यायाधीश, ही चित्रं ऐकून गालिलातले शेतकरी आणि कोळी हसले असणारच. पण हसू कुणावर, ते पाहावं. ते मानाच्या जागी बसलेल्यांवर आहे. रोगी, भिकारी किंवा बहिष्कृत माणसाची येशूने थट्टा केल्याचा एकही प्रसंग शुभवर्तमानांत नाही.

आक्षेप पोकळ नाहीत. विनोद आणि चुटके घेऊन उपदेशाला उभं राहणाऱ्यांना दान्तेने चौदाव्या शतकातच झोडपलं होतं. जर्मन भाषक मुलखात ईस्टरच्या प्रवचनात भाविकांना हसवण्याची प्रथा होती. त्यासाठी धर्मगुरू पक्ष्यांचे आवाज काढत, अश्लील किस्से सांगत. बाझलच्या ओकोलाम्पाडियस या धर्मशास्त्रज्ञाने 1518 साली तिच्यावर कडक टीका केली, ती योग्यच होती. पण त्या किश्श्यांचा पुनरुत्थानाशी संबंधच नव्हता. ते वगळूनही प्रवचन उरलं असतं. दुसरा आक्षेप पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन येतो: वक्तृत्वाच्या जोरावर श्रद्धा उभी राहू नये. हे खरं, पण त्याच पत्रात पौल शरीराच्या अवयवांना बोलायला लावतो. मी हात नाही म्हणून शरीराचा नाही, अशी कुरकुर करणारा पाय तिथे आहे. त्याला विनोदाचं वावडं नव्हतं. मला सर्वांत गंभीर वाटतो तो सत्याचा आक्षेप. फोनवर फिरणारी रचलेली गोष्ट खरी घटना म्हणून व्यासपीठावरून सांगितली जाते आणि श्रोत्याचा विश्वास फसवला जातो. येशूचे दाखले उघडपणे दाखले होते. कल्पित गोष्ट कल्पित म्हणून सांगितली की तिचं बळ घटत नाही.

महाराष्ट्रात तर या वादाला आणखी एक बाजू आहे. इथल्या श्रोत्याचे कान कीर्तनावर तयार झालेले आहेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान येतं. आधी सिद्धान्त मांडायचा आणि मग तो माणसांच्या व्यवहारात उतरवून दाखवायचा, ही शिस्त इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली क्रिस्तपुराण ओवीत छापलं, ते मराठी माणूस पुराण कसं ऐकतो हे जाणून. पुढे अहमदनगर भागातल्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याचा मनापासून पुरस्कार केला. हा वारसा घरात असताना परदेशी विनोदसंग्रहातले चुटके मराठीत आणून सांगणं मला दारिद्र्याचं लक्षण वाटतं.

पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या पत्रात प्रवचनावर अनेक पानं खर्च केली आणि 2024 साली प्रवचन आठ मिनिटांच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला. आठ मिनिटांत एकच गोष्ट नीट सांगून होते, तेव्हा ती निवडायला आठवडाभर लागला तरी तो वेळ वाया जात नाही. पाळकांना आणि धर्मगुरूंना घडवणाऱ्या संस्थांनी अभ्यासक्रमात कीर्तनकारांना बोलवावं, आख्यान रचण्याचे धडे द्यावेत आणि कुणाचीही जात, रंग, व्यंग किंवा बायको हा विनोदाचा विषय होणार नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवावं.