कचरावेचकांचा हिशेब कोणाच्या हाती?

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांचे अधिवेशन भरले आणि डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रिया. शहराचा कचरा त्या वर्षानुवर्षे निवडत होत्या, पण कामगार म्हणून त्यांची नोंद कुठेच नव्हती. चोरीचा आळ मात्र चटकन यायचा.

पंचायतीने आधी ओळखपत्रांसाठी झगडून त्यांवर महापालिकेची मोहोर मिळवली. मग हिशेब मांडला. पौर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांचा २००१ चा अभ्यास सांगतो, की एकेक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचे काम पालिकेला फुकट करून देत होती. जो माल तिने वेचला, तो वाहून न्यायचा खर्च पालिकेचा वाचत होता.

या आकड्याने मागणीची भाषा बदलली. दयेची याचना संपली, थकलेल्या देण्याची वसुली सुरू झाली. २००२-०३ मध्ये पालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांना आरोग्य विमा दिला. २००८ मध्ये त्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचरा संकलनाचा करार झाला. मोर्चे निघाले नसते, तर नुसत्या आकड्यांना कोणी विचारले नसते, हेही खरे. पण मोर्चाच्या हाती पुरावा होता आणि तो मोर्चेकऱ्यांच्याच संघटनेने गोळा केलेला होता.

वस्त्यांचा अनुभवही असाच आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने २००० च्या सुमारास रहिवाशांना सोबत घेऊन पुण्यातल्या झोपडपट्ट्यांचे सर्वेक्षण केले आणि घराघराची माहिती संगणकीय नकाशांवर आणली. नळ, गटार, संडास कुठे नाहीत हे नकाशावर दिसले, की ‘तिथे गरज नाही’ असे म्हणणे अवघड होते.

अशी माहिती एकट्याची नसते, साऱ्या समूहाची असते. कायदा मात्र अजून व्यक्तीपाशीच थांबला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकेका माणसाच्या माहितीचा विचार करतो. समूहाचाही आपल्या माहितीवर हक्क असावा, असे केंद्र सरकारने नेमलेल्या गोपाळकृष्णन समितीने २०२० मध्ये सुचवले होते. तसा कायदा झालेला नाही.

महापालिकेने त्याची वाट पाहू नये. वस्तीच्या सर्वेक्षणाची प्रत वस्तीला मराठीत मिळावी, चुका दुरुस्त करण्याची मुभा असावी आणि कचऱ्याच्या वजनाच्या नोंदी कचरावेचकांच्या संघटनेला खुल्या असाव्यात. पुढच्या प्रत्येक करारात या तीन अटी घालाव्यात.