‘लेट’ ह्या शब्दाविषयीं

आमच्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांजवळ शब्दार्थांची एक वही असते. पानाच्या मध्यें उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, आणि तोही एकच. परीक्षा जवळ आली म्हणजे पालक ती वही हातीं घेऊन मुलास समोर बसवितात व एकेक शब्द विचारीत जातात. ह्या वहीविरुद्ध मला तक्रार करावयाची आहे, व ती करण्यापूर्वीं माझाच एक अपराध सांगणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत मी ‘लेट’ हें क्रियापद शिकवीत होतों. फळ्यावर मीं लिहिलें : लेट म्हणजे परवानगी देणें, करूं देणें. मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “सर, टेनिसमध्यें सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला लागून पलीकडे पडला तर ‘लेट’ म्हणतात, आणि सर्व्हिस पुन्हां करावी लागते. मग ही परवानगी कशी?” मला उत्तर ठाऊक नव्हतें. तसें कबूल करण्याऐवजीं मी म्हणालों, “अरे, तें लेट म्हणजे उशीर! तुला रोज शाळेंत यावयास होतो तो.” वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि त्या वर्षीं त्यानें मला पुन्हां एकही प्रश्न विचारला नाहीं.

संध्याकाळीं कोश उघडून बसलों, तेव्हां मुलाची शंका किती रास्त होती तें कळलें. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत ‘लॅटान’ व ‘लेट्टन’ अशीं दोन निरनिराळीं क्रियापदें होतीं. पहिल्याचा अर्थ सोडणें, मागें ठेवणें, जाऊं देणें. भाड्यानें देणें हा अर्थही त्यास तेव्हांपासूनच आहे. दुसऱ्याचा अर्थ अडविणें, खोळंबा करणें. काळाच्या ओघांत शेवटचे प्रत्यय झिजले, स्वरांतील फरक मिटला, आणि एकमेकांच्या उलट अर्थाचे हे दोन शब्द एकाच रूपांत येऊन उभे राहिले. ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागांनीं निघत १९२८ सालीं पुरा झाला, त्यांत ह्या दोहोंस वेगवेगळ्या नोंदी आहेत.

पण खरी मौज पुढेंच आहे. अडविणें ह्या अर्थाचें क्रियापद ज्या विशेषणापासून बनलें तें ‘मंद, सावकाश’ अशा अर्थाचें असून, आजचा उशीरवाचक ‘लेट’ त्याचाच वंशज होय. म्हणजे अडविणें याचा मूळ भाव उशीर करविणें एवढाच. इतकेंच नव्हे, तर भाषाशास्त्रज्ञ ह्या साऱ्या शब्दांचें मूळ ‘ढिलें सोडणें, ढिलें पडणें’ अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूंत शोधतात. मला तें असें समजतें : हातांतील दोर ढिला सोडला तर धरलेलें जनावर जातें, ही परवानगी; चालणाराचे पाय ढिले पडले तर तो मागें राहतो, हा खोळंबा. मुलास गप्प करण्यासाठीं केलेली माझी थट्टा माझ्या फळ्यावरील अर्थापेक्षां सत्यास अधिक जवळ होती! त्याचें श्रेय मात्र मला मुळींच घेतां येत नाहीं.

ह्या दोन भावांपैकीं एकाची भरभराट झाली. रिकाम्या घरावर ‘भाड्यानें देणें आहे’ अशी इंग्रजी पाटी लागते ती त्याचीच. दुसरा मात्र दिवसेंदिवस खंगत गेला. शेक्सपियरच्या काळीं तो धडधाकट होता. पित्याच्या पिशाच्चामागें धांवूं पाहणारा हॅम्लेट आपणांस धरून ठेवणाऱ्या सोबत्यांस धमकावतो, तेव्हां तो हाच शब्द ‘अडविणें’ ह्या अर्थीं वापरतो. १६११ च्या इंग्रजी बायबलांत, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या तेराव्या वचनांत, पौल म्हणतो कीं, तुम्हांकडे येण्याचें मीं पुष्कळदां योजिलें, पण आजवर अडथळा आला. तेथेंही हाच शब्द. आजचा इंग्रज मुलगा तें वाचून पौलास येऊं दिलें असें समजेल, म्हणजे अगदीं उलट! म्हणूनच १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत तो काढून स्पष्टपणें ‘अडविणें’ ह्या अर्थाचा शब्द घातला गेला. आमच्या मराठी वाचकास येथें कधींच ठेंच लागली नाहीं.

आपल्या भाषेंत असें होत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. आई म्हणते, “राहूं दे!” व्याकरण सांगतें कीं ही परवानगी आहे, पण खोडकर हात जागच्या जागीं थांबतात.

आतां त्या वहीविषयीं. उजव्या रकान्यांत ‘परवानगी देणें’ असें लिहून ज्यानें तो शब्द आपल्यापुरता मिटविला, तो मुलगा टेनिसच्या मैदानावर गोंधळेल, हें एक वेळ चालेल. पण प्रश्न विचारणारा सोबती त्यास मूर्ख वाटूं लागतो, हें मला अधिक भयंकर वाटतें. मी शिक्षक असून मला तसेंच वाटलें होतें. माझी पालकांस विनंती आहे कीं, उजवीकडे अर्थाऐवजीं, ज्या वाक्यांत तो शब्द भेटला तें वाक्य मुलास लिहावयास सांगावें, आणि अर्थ त्यास तोंडानें सांगूं द्यावा. चाळीस शब्दांच्या जागीं दहाच होतील, हें कबूल. माझे कांहीं सहकारी म्हणतात कीं, एवढ्या मोठ्या वर्गांत हें साधणार नाहीं; पण चाळीसांतले तीस शब्द मुलें परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीं विसरतात, हें तेही जाणतात.

तो मुलगा गेल्या वर्षीं परदेशीं शिक्षणास जाण्यापूर्वीं निरोप घ्यावयास घरीं आला होता. मीं त्याचा पासपोर्ट मागून घेतला. धारकास अडथळ्यावांचून जाऊं द्यावें अशी राष्ट्रपतींच्या नांवें केलेली विनंती त्यावर छापलेली असते. त्यांतील अडथळ्याच्या शब्दावर मीं बोट ठेवलें आणि आठवीच्या वर्गांतील माझी चूक त्यास सांगितली. त्यानें तें वाक्य दोनदां वाचलें. मग हळूच म्हणाला, “सर, मीं तें त्याच आठवड्यांत वाचनालयांत पाहिलें होतें.”